घरच्या घरी कलिल चांदी: तारांची मांडणी, पाणी आणि करंटचा हिशेब

चांदीच्या दोन तारा, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या आणि बरणीभर शुद्ध पाणी. एवढ्या सामानात कलिल चांदीचा, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा प्रयोग सुरू होतो. नवखे लोक लगेच तारांच्या आकाराकडे वळतात. कुणी पत्रा लावतं, कुणी जाळी, कुणी तारेचं वेटोळं. प्रत्यक्षात निकाल ठरतो तो पाण्यावर, तार किती बुडाली यावर, करंट कसा अडवला यावर आणि ढवळण्यावर. आकार त्यानंतर येतो. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा: हे पाणी प्यायचं नाही, डोळ्यांत घालायचं नाही, वाफारा म्हणूनही घ्यायचं नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. इथे आपण लिटरला १० मिलिग्रॅमचं पाणी करणार आहोत, म्हणजे शंभरपट. सतत पोटात गेलेली चांदी कातडीत साठते, कातडी निळसर-राखाडी होते आणि ती परत मूळ रंगावर येत नाही. याला आर्जिरिया म्हणतात. अमेरिकेत मोंटानाचे राजकारणी स्टॅन जोन्स घरी केलेली चांदी पिऊन असे निळे पडले होते. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) १९९९ मध्येच निर्णय दिला की कलिल चांदी घातलेली, चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं सुरक्षित किंवा गुणकारी मानता येत नाहीत. तेव्हा हा विद्युत अपघटनाचा आणि प्रकाशाचा प्रयोग म्हणूनच करा. तसा तो फार सुंदर आहे.

लागणारं सामान

- शुद्ध चांदीची (९९९) २ मिमी जाडीची तार, १२ सेंमीचे दोन तुकडे. वजन मिळून साधारण ८ ग्रॅम.
- ऊर्ध्वपातित पाणी, ५ लिटरचा कॅन.
- ६०० मिलीचं काचेचं बीकर किंवा उभी काचेची बरणी.
- ९ व्होल्टच्या ३ बॅटऱ्या आणि त्यांच्या टोप्या.
- एलएम३३४ हा तीन पायांचा आयसी, ६८ ओहमचा एक आणि १ किलोओहमचा एक रेझिस्टर.
- मल्टिमीटर, पाण्याची वाहकता दाखवणारा मीटर (नसेल तर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणारा मीटर), लेझर पॉइंटर.
- पातळ ॲक्रिलिकची पट्टी, मगरचिमटे, हातमोजे, वही.

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. इतरत्र रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात विचारा किंवा ऑनलाइन मागवा.

१. पाणी: निम्मा प्रयोग इथेच ठरतो

बॅटरीत घालायचं पाणी गॅरेजमध्ये आणि पेट्रोल पंपावर मिळतं. ते ऊर्ध्वपातित किंवा क्षाररहित केलेलं असतं, पण प्रत्येक कॅन सारखा नसतो. घरी आणल्यावर मीटर बुडवा. वाहकता सेंटिमीटरला १ ते २ मायक्रोसीमेन्स आली तर उत्तम. टीडीएस मीटरवर हाच आकडा ० किंवा १ दिसतो. टीडीएस ३ च्या वर गेला तर तो कॅन गाडीच्या बॅटरीला द्या.

आरओचं पाणी चालत नाही. त्यात क्लोराइड उरलेलं असतं, आणि चांदीचा आयन (विद्युतभार असलेला अणू) क्लोराइडला भेटला की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तयार होतो. धन तारेभोवती दोन-चार मिनिटांत दुधाळ ढग दिसला आणि तो उजेडात ठेवल्यावर जांभळट-राखाडी झाला, तर पाण्यात क्लोराइड आहे असं समजा. एसीतून गळणारं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाळीवरून, धुळीतून आलेलं असतं.

“करंट लवकर वाढावा म्हणून चिमूटभर मीठ टाका” हा सल्ला फार ठिकाणी सापडतो. त्यातून कलिल चांदी होत नाही, गढूळ सिल्व्हर क्लोराइड होतं. मीठ घालूच नका. लोणच्याची रिकामी बरणीही नको. ती कितीही धुतली तरी झाकणाच्या आट्यांत मीठ असतं.

काच आधी साबणाने, मग नळाच्या पाण्याने आणि शेवटी दोनदा ऊर्ध्वपातित पाण्याने विसळा. फडक्याने पुसू नका, उपडी ठेवून निथळू द्या.

२. तार: सोनाराकडे काय मागायचं

“चांदीची तार” एवढंच म्हटलं तर दागिन्याची तार हातात पडते. ९२५ टंचाच्या चांदीत ७.५ टक्के दुसरा धातू असतो, बहुधा तांबं, आणि तेही पाण्यात उतरतं. पैंजणांची चांदी याहूनही हलकी असू शकते, शिवाय सांध्यांवर डाग (जोडाचा दुसरा धातू) दिलेला असतो. राणीछाप रुपया वापरायचा मोह अनेकांना होतो. त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के असते, म्हणजे तोही बाद. ९९९ची तार स्पष्ट मागा, टंच पावतीवर लिहून घ्या आणि तार २ मिमीपर्यंत ओढून मागा. तुकड्यांना कुठेही डाग दिलेला नको.

ओढलेल्या तारेवर तेलाचा किंवा मेणाचा हात असतो. भांड्याच्या साबणाने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. पाणी तारेवरून सलग पसरलं पाहिजे, थेंब थेंब तुटलं तर तेल अजून आहे. भांडी उजळायच्या पावडरी आणि चांदी चमकवायची द्रावणं मात्र वापरू नका, त्यांचा अंश तारेवर राहतो.

३. तारा टांगणं

ॲक्रिलिकच्या पट्टीला ४ सेंमी अंतरावर दोन भोकं पाडा. तारेचं वरचं टोक काटकोनात वाकवून पट्टीवर टेकवा, म्हणजे तार घसरणार नाही. ८ सेंमी पाण्यात, ४ सेंमी वर. लाकडाची पट्टी भिजली की रंग आणि टॅनिन सोडते, म्हणून ती नको.

दोन गोष्टींकडे नीट पाहा. मगरचिमटा पाण्याला लागता कामा नये. त्यावर निकेलचा मुलामा आणि आत लोखंड असतं, आणि धन बाजूला असेल तर ते चांदीआधी विरघळतं. पाण्याचा थेंब तारेवरून वर चढून चिमट्याला भिडला तरी हेच होतं. दुसरं म्हणजे तारा समांतर हव्यात. खालची टोकं एकमेकांकडे झुकली तर करंट तिथेच गोळा होतो आणि सगळा काळा बुरा त्या टोकांवर साठतो.

४. वीज: करंट अडवणं का गरजेचं

बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की २७ व्होल्ट मिळतात. घरातल्या मेन्सच्या विजेशी थेट जोडणी कधीच करू नका. हजारो व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर लावून पाण्यात ठिणगी पाडायची पद्धतही आहे. गेओर्ग ब्रेडिगने १८९८ मध्ये पाण्याखाली विद्युत प्रस्फुरण घडवून धातूंची कलिलं केली होती, पण ती प्रयोगशाळेत. स्वयंपाकघरात हे जिवावर बेतणारं आहे.

आता हिशेब. १ मायक्रोसीमेन्सच्या पाण्यात वर सांगितल्याप्रमाणे तारा टांगल्या तर त्यांच्यामधला रोध सुमारे १४७ किलोओहम येतो. बरणीच्या भिंतींमुळे तो थोडा वाढतो. २७ व्होल्टला करंट निघतो सुमारे ०.१८ मिलिअँपिअर. हा करंट धन तारेतून चांदी विरघळवतो, चांदीमुळे वाहकता वाढते, वाहकतेमुळे करंट वाढतो, आणि वाढलेला करंट आणखी चांदी सोडतो. अडवलं नाही तर शेवटच्या टप्प्यात करंट सुसाट सुटतो. मग आयन पाण्यात पांगण्याआधीच ऋण तारेवर चांदी म्हणून चिकटायला लागतात, तिथे चांदीच्या बुऱ्याची काळी दाढी वाढते आणि पाणी राखाडी होतं.

एलएम३३४ हा करंट एका आकड्यावर धरून ठेवतो. त्याच्या ‘आर’ आणि ऋण पायांमध्ये ६८ ओहमचा रेझिस्टर जोडला की सुमारे १ मिलिअँपिअरची मर्यादा बसते. आयसी ४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे २७ व्होल्ट त्याला जड नाहीत. दुकानदार बहुतेक वेळा एलएम३१७ पुढे करतो, कारण तो सगळ्यांकडे असतो. तो इथे निरुपयोगी आहे: नीट चालायलाच त्याला काही मिलिअँपिअर लागतात. काहीच मिळालं नाही तर २७ किलोओहमचा साधा रेझिस्टर ओळीत जोडा. तारा एकमेकींना चिकटल्या तरी करंट १ मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही. मात्र करंट वाढेल तसं तारांमधलं व्होल्टेज कमी होईल, त्यामुळे काम रेंगाळतं.

करंट मोजायला मल्टिमीटर सतत ओळीत ठेवायची गरज नाही. १ किलोओहमचा रेझिस्टर ओळीत कायम ठेवा आणि त्याच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज मोजा. जितके व्होल्ट, तितके मिलिअँपिअर. मीटर चुकून करंटच्या जागी राहून फ्यूज उडायचा प्रसंग यात येत नाही.

५. पहिली खेप

५०० मिली पाणी, ४ सेंमी अंतर, ८ सेंमी खोली, १ मिलिअँपिअरची मर्यादा, खोलीचं तापमान. हीच आपली मूळ मांडणी. पुढचे सगळे बदल हिच्याशी ताडून पाहायचे.

फॅरेडेच्या नियमाने १ मिलिअँपिअर करंट एका तासात ४.०२ मिलिग्रॅम चांदी धन तारेतून सोडतो. आपल्याला १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) हवं, म्हणजे ५०० मिलीत ५ मिलिग्रॅम. त्यासाठी ७५ मिलिअँपिअर-मिनिटं लागतात. दर ५ मिनिटांनी करंट लिहा, ५ ने गुणा, बेरीज करत जा. बेरीज ७५ झाली की बंद करा. घड्याळाकडे बघून बंद करू नका, कारण सुरुवातीला करंट फारच कमी असतो.

कोऱ्या पाण्यात पहिला तास रडतखडत जातो. वाहकता पाच-सहा मायक्रोसीमेन्सवर गेली की करंट १ मिलिअँपिअरला टेकतो आणि उरलेलं काम पाऊण तासाच्या आसपास उरकतं. एकूण पावणेदोन तास धरा. पुढच्या खेपांसाठी मागच्या खेपेतलं ५० मिली पाणी विरजणासारखं नव्या पाण्यात घाला. संथ टप्पा बराच आखडतो, आणि मिठाचा मोह कुणाला होत असेल तर त्यालाही हेच उत्तर आहे.

ढवळणं टाळू नका. न ढवळता ठेवलं तर आयन सरळ समोरच्या तारेकडे जातात आणि पाण्यात न राहता तिथे बसतात. चुंबकीय ढवळणी असेल तर सगळ्यात मंद वेगावर, भोवरा न होऊ देता. जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यावर दोन चुंबकं चिकटवून ती घरीही होते. तीही नसेल तर काचेच्या कांडीने दर दोन-तीन मिनिटांनी हलवा. मत्स्यटाकीचा हवेचा पंप काही जण लावतात, पण तो पाण्यात कार्बन डायऑक्साइड आणि खोलीतली धूळ ओढत राहतो.

६. आता मांडण्या बदलून पाहा

एका वेळी एकच बदल. दोन बदलले की वहीला काही अर्थ राहत नाही.

*खोली.* तारा अर्ध्या वर उचला, ८ ऐवजी ४ सेंमी बुडू द्या. रोध दुप्पट होतो, करंट निम्मा. सरळ हिशेब.

*अंतर.* इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. अंतर ४ वरून २ सेंमी केलं की करंट दुप्पट होईल असं वाटतं. गोल तारांमध्ये तसं होत नाही. रोध १४७ वरून साधारण ११९ किलोओहम होतो, म्हणजे वीस टक्क्यांहूनही थोडा कमी फरक. कारण बहुतेक रोध तारेच्या अगदी लगतच्या पाण्यात असतो, मधल्या मोकळ्या पाण्यात नाही. उलट तारा जवळ आणल्या की ऋण तारेवर दाढी वाढण्याची शक्यता वाढते. ३ ते ४ सेंमी ठेवा आणि हा विषय सोडून द्या.

*जाडी.* १ मिमीची तार घेतली तर रोध १७५ किलोओहमच्या आसपास जातो. फार नाही. पण तारेचं पृष्ठफळ निम्मं होतं, म्हणजे तेवढाच करंट निम्म्या जागेतून वाहतो.

*पत्रा.* ३ सेंमी रुंद, ८ सेंमी बुडालेली चांदीची पट्टी धन बाजूला लावली तर दोन्ही बाजूंचं मिळून ४८ चौरस सेंमी पृष्ठफळ मिळतं. तारेचं अवघं ५. करंट पातळ पसरतो, धन बाजूवर येणारा तपकिरी-काळा ऑक्साइडचा थर कमी होतो. पण तोटा होतो तो बहुतांशी ऋण बाजूला, आणि तिथे बारीक तारच ठेवली तर पत्र्याचे पैसे वाया. दोन्हीकडे पत्रा, कोपरे कानशीने गोल केलेले, ही मांडणी खरी उपयोगाची, तीही १ मिलिअँपिअरच्या वर जायचं असेल तरच. धारदार कोपऱ्यावर करंट गोळा होतो आणि दाढी तिथूनच उगवते.

*मध्ये तार, भोवती नळकांडं.* कागदावर ही मांडणी सगळ्यात सुबक: करंट चोहोबाजूंनी सारखा. पण आतलं पाणी ढवळत नाही, ते तिथेच दाट होत राहतं. नळकांड्याला वर-खाली खिडक्या ठेवल्या तर जमतं. खर्चाच्या मानाने फायदा थोडा.

*दिशा उलटवणं.* सहा पायांचा दुहेरी टॉगल स्विच लावून दर काही मिनिटांनी धन-ऋण बदलता येतात. दोन्ही तारा सारख्या झिजतात, काळा थर पातळ राहतो. तोटा असा की सैल झालेला बुरा सुटून पाण्यात पडतो. शिवाय करंटचा काही भाग मघाशी चिकटलेली चांदीच पुन्हा विरघळवण्यात जातो, त्यामुळे वरचा ७५ चा हिशेब बिघडतो. नवख्यांनी मूळ मांडणी हातात बसल्यावरच हे करावं.

*ऋण बाजूला दुसरा धातू.* चांदी वाचवायला स्टीलची पट्टी ऋण बाजूला लावता येते. पण जोडणी एकदा जरी उलटी झाली तरी लोखंड, क्रोमियम आणि निकेल पाण्यात येतात. दिशा उलटवायच्या स्विचबरोबर तर स्टील कधीच नको. पेन्सिलच्या शिसाचा प्रयोगही करू नका, त्यात ग्राफाइटबरोबर माती असते.

७. तयार झालं ते काय आहे

या पद्धतीने मिळालेलं पाणी रंगहीन असतं, आणि त्यात बहुतेक चांदी आयनांच्या रूपात असते. कण कमीच. “स्वच्छ पाणी म्हणजे उत्तम कलिल” हा समज उलटा आहे.

अंधारात लेझरचा झोत सोडा. पाण्यात झोताची रेष दिसली तर कण आहेत, हाच टिंडल परिणाम. डोळ्यांच्या पातळीवर झोत धरू नका. मग परीक्षानळीत १० मिली घेऊन मिठाचे दोन खडे टाका. दुधाळ झालं तर आयन भरपूर आहेत.

टीडीएस मीटरचा आकडा म्हणजे चांदीचं प्रमाण नव्हे. तो मीटर वाहकता मोजून, पाण्यात मीठ आहे असं धरून आकडा दाखवतो. कणांची चांदी त्याला दिसतच नाही. भरवशाची पडताळणी वजनाची: सोनाराच्या मिलिग्रॅमच्या काट्यावर दोन्ही तारा आधी आणि नंतर, कोरड्या करून, तोला. धन तारेची घट वजा ऋण तारेची वाढ म्हणजे पाण्यात उतरलेली चांदी. बुरा गळून पडला नसेल तरच हे खरं. ५ मिलिग्रॅमचा फरक काट्याच्या चुकीत हरवू नये म्हणून तीन-चार खेपा एकत्र मोजा.

१० पीपीएमच्या फार पुढे जाण्यात अर्थ नाही. सिल्व्हर ऑक्साइड २० अंशांना लिटरला १३ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं. त्यापुढे करंट चालू ठेवला तर तपकिरी गाळ वाढतो, पाणी “स्ट्राँग” होत नाही.

८. खरं पिवळं कलिल

रंग हवा असेल तर आयनांचं क्षपण करावं लागतं, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन धातूच्या चांदीचे कण करावे लागतात. १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात १ ग्रॅम शुद्ध डेक्स्ट्रोज आणि दुसऱ्या १०० मिलीत १ ग्रॅम शुद्ध सोडियम कार्बोनेट विरघळवून ठेवा. करंट बंद करून तारा काढा. २५० मिली पाणी घ्या, त्यात कार्बोनेटचं १ मिली आणि डेक्स्ट्रोजचं ५ मिली द्रावण घाला, ढवळत ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा. हळूहळू फिकट पिवळा रंग चढतो. अगदी बारीक चांदीचे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून उरलेला पिवळा दिसतो. कण मोठे झाले की रंग मळकट, हिरवट, राखाडी होत जातो.

विटॅमिन आणि खनिजं मिसळलेलं ग्लुकोजचं पाकीट वापरू नका. त्यात फॉस्फेट असेल तर सिल्व्हर फॉस्फेट बनतं, आणि तेही पिवळंच. कार्बोनेट जास्त पडलं तर कण एकमेकांना चिकटतात. पिवळ्या पाण्याच्या नमुन्यात मीठ टाकल्यावर ते दुधाळ न होता राखाडी पडलं, तर क्षपण नीट झालं.

साठवण गडद काचेच्या बाटलीत, अंधारात. फ्रीजरमध्ये गोठवलं की कण गोळा होतात आणि वितळल्यावर परत सुटत नाहीत.

९. आवरताना

बुरा कोरड्या पांढऱ्या नायलॉनच्या घासणीने पुसा, तारा धुऊन कोरड्या डबीत ठेवा. हातमोजे काढू नका: आयनांचं पाणी कातडीवर किंवा ओट्यावर पडलं तर डाग लगेच दिसत नाही, उजेडात नंतर काळा पडतो आणि दिवसेंदिवस राहतो. भांडी स्वयंपाकाची वापरू नका.

नको असलेलं पाणी बेसिनमध्ये, मत्स्यटाकीत किंवा कुंडीत ओतू नका. चांदीचे आयन पाण्यातल्या जिवांना घातक असतात. बादलीत चमचाभर मीठ टाकून रात्रभर ठेवा, साका खाली बसतो. वरचं पाणी सोडा, साका बाटलीत जमवत जा. मात्र चांदीच्या साक्यावर किंवा तारांवरच्या काळ्या थरावर अमोनिया कधीही वापरू नका. चांदी आणि अमोनियाचं मिश्रण पडून राहिलं तर त्यात स्फोटक संयुग तयार होतं, आणि ते नुसतं हलवल्यानेही उडू शकतं.